आमदार म्हणजे सरकार नव्हे

अधिवेशन झालं की या सदराकडे पत्रं वाढतात. या वेळी तर बहुतेक सगळी फिरून एकाच ठिकाणी येत होती, की आमदाराकडून नेमकं मागायचं काय. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर टाकलेत आणि हीच पत्रं एकत्र घेतेय. उत्तरं लहानमोठी झालीत.

ताई, आम्ही मुद्दाम सत्तेतल्या पक्षाचा आमदार निवडून दिला, सरकार त्यांचं असलं की कामं होतात म्हणून. आता सोसायटीतले काहीजण म्हणतात त्याने विधानसभेत सरकारला जाब विचारायला पाहिजे. स्वतःच्याच सरकारला कसा विचारणार? ते विरोधकांचं काम ना? (इंदिरानगर)

ही गल्लत इतकी पसरलीय की आधी तीच सोडवू. सरकार म्हणजे मंत्रिमंडळ, सत्ताधारी पक्षाचे सगळे आमदार म्हणजे सरकार नाही. आपल्या विधानसभेत 288 आमदार आहेत. 2003 च्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या 15 टक्क्यांवर नेऊ नये असं बांधून टाकलं, म्हणजे आपल्याकडे मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त 43. म्हणजे काहीही झालं तरी 245 आमदार असे उरतात जे सरकारमध्ये नाहीत, मग ते कुठल्याही बाकावर बसोत. आणि घटनेचं 164 वं कलम म्हणतं की मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. विधानसभेला म्हणजे अख्ख्या सभागृहाला, नुसत्या समोरच्या बाकांना नाही. तुमचा आमदार मंत्री नसेल तर तो सरकारचा हिशोब घेणाऱ्यांपैकी एक आहे, पक्ष कुठलाही असो.

आता लगेच कोणीतरी म्हणेल की ताई, व्हीप असतो ना, पक्षांतरबंदी कायदा आहे ना. आहे. 1985 साली घटनेत दहावं परिशिष्ट आलं, त्यात पक्षाने काढलेल्या आदेशाच्या, म्हणजे व्हीपच्या, विरोधात मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं तर आमदारकी जाऊ शकते. पण ती अट मतदानाची आहे. तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं) टाकायला, तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष ओढणारी लक्षवेधी सूचना द्यायला, अर्ध्या तासाची चर्चा मागायला, समितीत बसून सचिवांना घाम फोडायला कुठलाही कायदा अडवत नाही. सत्ताधारी आमदार प्रश्न विचारतातही, कामकाजाच्या यादीत त्यांची नावं दिसतात. म्हणून "आमच्याच सरकारला कसं विचारू" असं कोणी म्हणालं तर समजा की अडचण कायद्याची नाही, मनाची आहे. पुढच्या वेळी तिकीट मिळेल का, मंत्रिपदाच्या यादीत नाव राहील का, ही भीती खरी असते, मी ती नाकारत नाही. पण त्या भीतीची किंमत मतदाराने का मोजायची?

आमच्या भागात आमदारांनी पेव्हर ब्लॉक बसवले, हायमास्ट लावला, सभामंडप बांधून दिला, फोन केला की उचलतात, घरातल्या दहाव्याला पण येऊन गेले. अजून काय करायचं माणसाने? (सातपूर)

तुमची कृतज्ञता मी समजू शकते, कारण मी स्वतः त्या जागी उभी राहिलेय. माझी आई प्राथमिक शिक्षिका होती. निवृत्त झाली आणि तिची पेन्शनची फाईल एका कार्यालयात चौदा महिने अडकली. मी दर पंधरा दिवसांनी जायचे, साहेब मिटिंगला, साहेब रजेवर, एक कागद कमी आहे, मग तो दिला की दुसरा कमी. शेवटी ओळखीतून आमदारांपर्यंत गेलो, त्यांनी आमच्यासमोर एक फोन लावला आणि आठ दिवसांत ऑर्डर निघाली. आईने देवापुढे साखर ठेवली. मी ऑर्डर आणायला गेले तेव्हा क्लार्कने कपाट उघडलं आणि आईची फाईल ज्या गठ्ठ्यातून काढली तो गठ्ठा मी पाहिला, तिच्याच वयाच्या बायांच्या फाईली होत्या त्या, त्यांची फक्त आमदाराशी ओळख नव्हती. तो गठ्ठा मला अजून दिसतो.

त्या फोनने आईचं काम झालं, गठ्ठा तिथेच राहिला. आमदारांनी तोच विषय सभागृहात नेला असता, की जिल्ह्यात निवृत्त शिक्षकांची किती प्रकरणं किती महिने पडून आहेत, तर अख्ख्या गठ्ठ्याला उत्तर द्यावं लागलं असतं. विधानसभेतला लेखी प्रश्न तुम्ही कधी वाचलाय का? त्याची एक ठरलेली घडण असते. अमुक झाले आहे हे खरे आहे काय, असल्यास त्याची कारणे काय, याप्रकरणी शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, आणि शेवटी, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. मला हा शेवटचा तुकडा फार महत्त्वाचा वाटतो. सामान्य माणूस टेबलावर जाऊन "उशीर का झाला" विचारतो तेव्हा त्याला हाकलता येतं, आमदार तेच सभागृहात विचारतो तेव्हा मंत्र्याला स्वतःच्या नावाने उत्तर द्यावं लागतं. उत्तर कधी "हे अंशतः खरे आहे" असं येतं, कधी "प्रश्न उद्भवत नाही" असं, पण ते छापलं जातं, ते रेकॉर्डवर राहतं, आणि तारांकित असेल तर उपप्रश्न विचारून मंत्र्याला तिथल्या तिथे पकडता येतं.

राहिला पेव्हर ब्लॉकचा विषय. आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी आहे. 288 आमदारांचा मिळून झाला 1,440 कोटी. राज्याचं 2025-26 चं बजेट होतं साधारण 7 लाख कोटींचं. म्हणजे सरकार शंभर रुपये खर्च करतं त्यातले जेमतेम वीस पैसे आमदार निधीचे. आपण पाच वर्षं त्या वीस पैशांच्या फ्लेक्सखाली उभे राहून फोटो काढतो, आणि उरलेल्या नव्याण्णव रुपये ऐंशी पैशांवर लक्ष ठेवायला ज्याला पाठवलं त्याला त्याबद्दल कधीच काही विचारत नाही. त्यात पुरवणी मागण्या वेगळ्या. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात 57 हजार कोटींच्या वरच्या पुरवणी मागण्या आल्या. बजेट मार्चमध्ये मंजूर होतं आणि जूनअखेर एवढा पैसा परत लागतो, तर मार्चचा अंदाज कुठे चुकला हे विचारणं आमदाराचं रोजचं काम आहे. सभागृहाच्या मंजुरीशिवाय सरकारला तिजोरीतून पैसा काढता येत नाही, हा तर आमदाराच्या हातातला सगळ्यात मोठा अधिकार.

कांद्याचं काय? निर्यातबंदी लागली तेव्हा आमदाराकडे गेलो तर केंद्राचा विषय आहे म्हणाले. मग आम्ही कोणाकडे जायचं? (निफाड तालुका)

केंद्राचा विषय आहे हे खरंच आहे, परदेशी व्यापार घटनेच्या केंद्र सूचीत येतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, 2024 च्या मे मध्ये ती किमान निर्यात मूल्याची आणि शुल्काची अट घालून उघडली, सप्टेंबरमध्ये शुल्क 20 टक्क्यांवर आणलं आणि ते पूर्ण निघालं 1 एप्रिल 2025 ला. हे सगळे निर्णय दिल्लीतले, म्हणून जाब तुमच्या खासदाराने लोकसभेत विचारायचा. त्यांना विचारा की त्या वीस महिन्यांत तुम्ही कोणत्या तारखेला कोणता प्रश्न टाकला, काय उत्तर आलं. लोकसभेच्या वेबसाइटवर प्रत्येक खासदाराचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं नावासकट आहेत, लासलगावच्या ओट्यावर बसून मोबाईलवर दिसतात.

पण आमदार "केंद्राचा विषय" म्हणून तिथेच थांबले तर ते मला पटत नाही. बाजार समित्यांचा कायदा राज्याचा आहे, पैसे वेळेत न देणाऱ्या व्यापाऱ्यावर कारवाई राज्याची, कांदा चाळीचं अनुदान राज्याच्या यंत्रणेतून येतं, अवकाळीच्या पंचनाम्याला तलाठी राज्याचा येतो. आणि विधानसभा केंद्राला शिफारस करणारा ठराव करू शकते. त्याने शुल्क उठेलच असं नाही, पण कांदा पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या पंधरा आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून एका दिवशी उभं राहून तो मागितला तर दिल्लीला तो ऐकू जातो.

विरोधी पक्ष नुसता गोंधळ घालतो, पायऱ्यांवर बसून घोषणा देतो. याला जाब विचारणं म्हणायचं का? (नाशिकरोड)

पायऱ्यांवरचं आंदोलन कॅमेऱ्यासाठी असतं आणि कधीकधी त्याची गरज पण असते, सभागृहात बोलूच दिलं नाही तर माणूस बाहेर येऊन बोलणार. पण प्रश्नोत्तराचा तास गोंधळात गेला तर नुकसान विरोधकांचंच. त्या दिवशीच्या तारांकित प्रश्नांची उत्तरं नुसती कागदावर राहतात, उपप्रश्न बुडतात, आणि मंत्री सुटतो. एक तास गोंधळात गेला की त्या दिवशी सगळ्यात निवांत कोण झोपलं असेल, तर ज्याच्या खात्याचा पहिला प्रश्न होता तो.

दुसरी बाजू पण सांगते. 2024 च्या निवडणुकीत कुठल्याच विरोधी पक्षाला विधानसभेच्या एक दशांश, म्हणजे 29 जागा मिळाल्या नाहीत, आणि त्यानंतर किमान पहिलं अख्खं वर्ष विधानसभा विरोधी पक्षनेत्याशिवाय चालली. गंमत नाही ही. आपल्या राज्याचा 1978 चा कायदा विरोधी पक्षांत सगळ्यात मोठ्या पक्षाचा जो नेता, ज्याला अध्यक्ष मान्यता देतात, त्याला विरोधी पक्षनेता म्हणतो, त्यात दहा टक्क्यांचा आकडा नाहीये. सरकार जितकं मोठं तितकी समोरच्या खुर्चीची गरज जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुंभमेळ्याच्या कामांना हजारो कोटी लागतायत म्हणे. कोणाला विचारायचं? इतकी वर्षं नगरसेवकच नव्हते. (पंचवटी)

तुमच्या पत्रातली चिडचिड मला पोचली, मी पण याच शहरात राहते. महापालिकेची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली, 2026 च्या जानेवारीत निवडणूक झाली, मधली जवळपास चार वर्षं प्रशासकच महासभा आणि प्रशासकच स्थायी समिती. खर्च करणारा आणि खर्चाला मंजुरी देणारा एकच. त्या काळात नाशिककरांना विचारायला उरलं होतं ते फक्त विधिमंडळ, आणि मला प्रामाणिकपणे वाटतं की आपल्या आमदारांनी तिथे शहराच्या विषयांवर जेवढं बोलायला हवं होतं तेवढं ते बोलले नाहीत.

आता कुंभाचं. त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण झालंय आणि त्याचा कायदा 2025 मध्ये विधिमंडळानेच केला. ज्या सभागृहाने अधिकार दिले त्या सभागृहाला हिशोब मागायचा हक्क आहे. पुढे कॅगचं, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचं, ऑडिट येतं, प्रयागच्या 2013 च्या कुंभाचं कॅगने केलं होतं. कॅगचा अहवाल राज्यपालांमार्फत सभागृहापुढे ठेवला जातो, मग सरकारी खर्च तपासणारी आमदारांची लोकलेखा समिती सचिवांना बोलावून मुद्द्यावर मुद्दा विचारते. पण हे सगळं पैसा खर्च झाल्यानंतरचं. तपोवनातली झाडं तोडण्यावरून लोक रस्त्यावर उतरले ते काम व्हायच्या आधी, म्हणून त्याला वजन आलं. आमदाराने पण आधीच विचारायला हवं. टेंडर कधी निघालं, किती दिवसांची मुदत दिली, गोदावरीत मिसळणाऱ्या नाल्यांचं काय केलं, गर्दीचं नियोजन कोणी तपासलं.

गर्दीचं मी मुद्दाम लिहिलं. 2003 च्या सिंहस्थात आपल्याकडे चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली, चौकशी आयोग बसला. जुन्या नाशकात अजून असे लोक आहेत ज्यांना तो दिवस घरातल्यासारखा आठवतो. 1952 चा चौकशी आयोग कायदा सांगतो की अशा आयोगाचा अहवाल, त्यावर सरकारने काय कारवाई केली त्या टिपणासह, सहा महिन्यांच्या आत विधिमंडळापुढे ठेवायचा. जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराने तो अहवाल काढून वाचावा आणि त्यातली कोणती शिफारस या वेळच्या आराखड्यात आहे, कोणती नाही, हे नाव घेऊन विचारावं, आणि ते कुंभाच्या ध्वजारोहणाच्या आधी विचारावं.

एकट्या आमदाराने काही बदलतं का? शेवटी बहुमत असतं त्यांचंच होतं. (गंगापूर रोड)

तुम्ही नोकरी करता असं पत्रात लिहिलंय, तर तुमची सॅलरी स्लिप काढा. दर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापला जातो. तो कर 1975 मध्ये आला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. आणि रोजगार हमी कोणामुळे आली? वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती होते, मंत्री नव्हते. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या मागे लागून पटवली, 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग झाला. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा तीच कल्पना राज्याच्या कामी आली, लाखो लोक खडी फोडून का होईना जगले. 1977 ला विधिमंडळाने कायदा केला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला आणि पुढे 2005 ला अख्ख्या देशाने तसा कायदा केला. कल्पना ते कायदा, जवळपास बारा वर्षं. मला यातला चिवटपणा मोठा वाटतो. आजच्या आमदाराला एका अधिवेशनात रील झालं पाहिजे, आणि सुधारणा अशा होत नाहीत, त्या फाईलीच्या मागे दहा वर्षं चालून होतात.

अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारने नाही तर आमदाराने स्वतः आणलेलं, मंत्री नसलेला कुठलाही आमदार मांडू शकतो. बहुतेक मंजूर होत नाहीत, पण चर्चा होते, मंत्री उत्तर देतो, आणि कधीकधी सरकार "आम्हीच आणतो" म्हणून ते मागे घ्यायला लावतं, तेही चालेल. एखादं विधेयक चिकित्सा समितीकडे गेलं तर नागरिकांकडून सूचना मागवल्या जातात. जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी हजारो लोकांनी लिहून पाठवलं. तुम्ही पण पाठवा पुढच्या वेळी.

आम्ही 2018 ला चालत मुंबईला गेलो होतो. वनजमिनीचं लेखी मिळालं. तरी परत चालावं लागलं. लेखीचा उपयोग काय मग? (सुरगाणा तालुका)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. 6 मार्चला सीबीएस बसस्थानकावरून निघालेला तो शेतकऱ्यांचा मोर्चा मी द्वारका चौकाच्या पुढे थांबून पाहिला होता, लाल टोप्यांची ओळ संपत नव्हती आणि बायकांच्या पायात फाटक्या चपला. 12 तारखेला मुंबईत सरकारने मागण्या लेखी मान्य केल्या. आणि 2023 च्या मार्चमध्ये दिंडोरीहून पुन्हा निघावं लागलं.

लेखीचा उपयोग तेव्हाच, जेव्हा कोणीतरी सभागृहात रोज त्याची आठवण करून देतं. विधिमंडळात आश्वासन समिती नावाची एक समिती आहे, मंत्र्याने सभागृहात जे "करू, पाहू, तपासू" म्हटलं त्याचा पाठपुरावा करणं हेच तिचं काम. म्हणून आझाद मैदानात दिलेला कागद आणि सभागृहाच्या पटलावर आलेलं निवेदन यात फरक आहे, दुसऱ्याचा हिशोब ही समिती मागू शकते. तुमच्या आमदाराला एवढंच विचारा, की आमच्या मागण्यांपैकी कोणत्या पटलावर आहेत, आणि आश्वासन समितीला तुम्ही पत्र दिलं का. दिलं असेल तर त्याची कॉपी मागा. दिलं नसेल तर ग्रामसभेत ठराव करून त्यांच्याकडून द्यायला लावा, वनहक्क दाव्यांचे नंबर आणि तारखा जोडून. चालून चालून पाय तुमचे झिजले, आता थोडं त्यांना चालू दे.

मी कॉलेजला आहे, पहिल्यांदा मतदान केलंय. आमदाराचं काम तपासायचं म्हणजे नेमकं काय करू? (कॉलेज रोड)

तुझं पत्र सगळ्यात छोटं आणि सगळ्यात कामाचं. विधानमंडळाच्या वेबसाइटवर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात, कामकाज मोबाईलवर लाईव्ह पण बघता येतं. एका अधिवेशनाच्या याद्या उघड आणि आपल्या आमदाराचं नाव शोध. पंधरावीस नावांच्या गर्दीत नुसती सही आहे की पहिलं नाव त्यांचं आहे, हे बघ, त्यात फरक असतो. प्रश्न स्वतःच्या मतदारसंघाचा आहे का, की कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या एका कंत्राटाचा, हेही बघ, आणि लांबचा असेल तर त्यांना विचार की तो विषय तुमच्याकडे आला कसा.

मग एक प्रश्न तू लिहून त्यांच्या ऑफिसात नेऊन दे. मोठा नको. तुझ्या बसचा, वसतिगृहाचा, अडकलेल्या स्कॉलरशिपचा. आकडे, तारखा, अर्जाचे नंबर घाल, खाली मित्रमैत्रिणींच्या सह्या घे, पोच घे. शेवटी ते वाक्य लिहायला विसरू नकोस, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. पुढच्या अधिवेशनाच्या यादीत तो प्रश्न दिसला की नाही ते मला कळव, दोन्हीपैकी काहीही झालं तरी मी इथे छापेन.